थर्मास लागला!

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. एके काळी माझा रंग हिरवा होता. आता काही ठिकाणी हिरवा आहे आणि बाकी नुसता पत्रा आहे. एका कुशीला मोठा पोचा आहे. डोक्यावरचे झाकण माझे स्वतःचे नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी थर्मासचे आहे आणि अजूनही माझ्याशी त्याचे नीट पटत नाही. हल्लीच्या चकचकीत स्टीलच्या बाटल्यांच्या रांगेत मला उभे केले, तर त्या मला पणजोबा म्हणून नमस्कार करतील. करू देत बापड्या. मी जे पाहिले आहे ते त्यांनी स्वप्नातही पाहिलेले नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी एका काचेच्या बाटलीत दुसरी बाटली बसवली, आतून चंदेरी मुलामा दिला आणि दोन्ही काचांच्या मधली सगळी हवा यंत्राने ओढून घेतली. वर पत्र्याचा अंगरखा चढवला, तोंडाला बूच दिले आणि झालो मी तयार. म्हणजे बघा, माझ्या पोटात दोन काचांच्या मध्ये काहीच नाही, अगदी हवासुद्धा नाही. आणि त्या 'काहीच नाही'च्या जोरावर मी सकाळचा चहा दुपारपर्यंत गरम ठेवतो. एवढी वर्षे झाली, पण माझे मलाच याचे नवल वाटते.

दुकानातून मला घरी आणले ते एका नव्या नवरीने. तिचा नवरा गोदीत, म्हणजे जहाजे बांधतात त्या ठिकाणी, क्रेन चालवत असे. ती त्याला म्हणाली, "तुम्ही एकदा वर चढलात की संध्याकाळीच उतरता. तिथे चहा काय चिमण्या आणून देणार आहेत?" तो हसला आणि त्याने मला खांद्याला अडकवले.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा क्रेनवर चढलो. शिडीमागून शिडी, शिडीमागून शिडी. खालची माणसे आधी भावल्यांएवढी झाली, मग मुंग्यांएवढी. सगळ्यात वर काचेची एक खोली होती. त्या खोलीतून समुद्र दिसला आणि माझे बूच उडायचेच काय ते बाकी राहिले! समुद्र जिथे संपतो तिथे तो वाकलेला असतो, हे मी त्या दिवशी या डोळ्यांनी पाहिले. थर्मासला डोळे नसतात म्हणून कुणी हसू नये.

पण खरा चमत्कार पुढेच होता. खाली जहाजाचे इंजिन ठेवलेले होते, एखाद्या दुमजली घराएवढे. माझ्या मालकाने एक दांडा दोन बोटांनी किंचित पुढे सरकवला, आणि ते इंजिन जमिनीवरून उठले. आवाज नाही, हिसका नाही. तान्हे मूल पाळण्यातून उचलावे तसे त्याने ते उचलले आणि जहाजाच्या पोटात अलगद ठेवून दिले.

हे त्याच्या एकट्याचे काम नव्हते बरे का. इतक्या उंचावरून हुकाखाली काय चालले आहे ते नीट दिसत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहून हातांनी खुणा करतो. तर्जनी आभाळाकडे करून फिरवली, की उचल. जमिनीकडे करून फिरवली, की खाली घे. दोन्ही हात आडवे पसरले, की थांब. आणि दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत गुंफून धरले, की सगळे आहे तसे राहू दे, घाई नाही. गोदीत या जोडीला सगळे जण 'वरचा' आणि 'खालचा' असेच म्हणत. कुणी विचारले, "काय हो, हे इंजिन आज चढणार का?" तर उत्तर ठरलेले असायचे, "वरच्याची इच्छा!" आणि मग सगळी गोदी खदाखदा हसायची.

दोघे दिवसभर एकमेकांशी हातांनी बोलत, पण संध्याकाळी खाली भेटले की त्यांना शब्द सुचत नसत. "निघतो," "बरं," एवढ्यावर भागायचे. वरचा दुसऱ्या कुणाच्या हातांवर भार उचलायला तयार नसे, आणि खालचा दुसऱ्या कुणासाठी हात हलवत नसे.

आता माझ्या मोठेपणाची गोष्ट. वरच्याला चहा प्यायचा असला की तो मला खोलीच्या पुढच्या काचेला लावून ठेवायचा. खालून खालचा ते बघायचा आणि ओरडायचा, "थर्मास लागला! कुणी भार अडकवू नका!" मी काचेवर असेपर्यंत हुकाला कुणी साखळी लावत नसे. साहेबलोक घड्याळाकडे बघत उभे राहायचे, पाहुणे ताटकळायचे, पण थर्मास म्हणजे थर्मास. शेवटी त्या खोलीत बसलेला माणूस माणूसच आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. एका हिरव्या थर्मासचा एवढा मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

मग एक दिवस गोदी बंद पडली. जहाजे म्हणे दुसरीकडे स्वस्तात बनतात. मोठ्या फाटकाला कुलूप लागले, आणि त्या शेकडो माणसांना सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न पडला.

सुरुवातीला वरच्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. दारांना तेल घातले. मुलीच्या शाळेच्या दप्तराचे बंद शिवले. शेजाऱ्यांच्या खुर्च्यांचे डगमगणारे पाय बसवून दिले. कामासाठी वणवण चालूच होती, पण क्रेन चालवणारा माणूस क्रेनशिवाय काय चालवणार? हळूहळू दुरुस्त करण्यासारखे काही उरले नाही. तो खाटेवर बसून राहू लागला. मग झोपून राहू लागला. अंघोळ राहायची. जेवण ताटातच राहायचे. कुणी काही विचारले तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की विचारणारा उठून गेलेला असायचा. कधी कधी काहीच झालेले नसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राही, आणि ते पुसायचेही त्याला सुचत नसे.

एकदा बायकोने मला त्याच्या हातात दिले आणि ती म्हणाली, "घ्या हो, गरम आहे." त्याने माझे झाकण धरले. झाकण काही फिरले नाही. मित्रांनो, जो हात दोन बोटांनी जहाजाचे इंजिन उचलायचा, त्याला माझे झाकण उघडता येईना! जगातली सगळ्यात जड वस्तू मी पाहिली आहे, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी कळले, की मी काहीच पाहिलेले नव्हते. माणसाच्या आत असे काही बसू शकते, की ज्याला साखळी लावता येत नाही, हुक लावता येत नाही आणि जे बाहेरून दिसतही नाही. मी भीतीने आणि नवलाने गार झालो, आणि थर्मास गार होणे म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

मी त्याच्या हातातून निसटलो. पोचा आला तो तेव्हाचाच. आतली काच फुटून खळखळ वाजू लागली. दुसऱ्याच दिवशी बायको मला घेऊन बाजारात गेली आणि भर दुकानात म्हणाली, "भाऊ, आतली काच फुटलीय, बदलून द्या." चार गिऱ्हाइकांनी ऐकले. कुणी मान वळवली नाही, कुणी कुजबुजले नाही. नवी काच बसली, तिथेच माझे जुने झाकणही बदलले, आणि मी खडखडीत बरा होऊन घरी आलो.

माझ्या आजाराची तिला लाज वाटली नाही. नवऱ्याच्या आजाराची मात्र तिने वाच्यता केली नाही. तिला दोष देऊ नका. गोदीतल्या एका वेल्डरबद्दल लोक काय काय बोलले ते तिने ऐकले होते. "त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय," एवढे एक वाक्य गावभर फिरले आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभे केले नाही. ही तर क्रेन! मनाने आजारी माणसाला आभाळात कोण चढवणार? म्हणून तिने सगळ्यांना सांगितले, "त्यांना परगावी काम लागलंय. क्रेनवरच."

झाले! खोटे बोलायला एक क्षण लागला आणि निस्तरता निस्तरता तिच्या नाकी नऊ आले. परगावी काम आहे म्हटल्यावर गोदीतले सगळे बेकार दारात येऊ लागले. "वहिनी, आमच्यासाठी एक शब्द टाकायला सांगा ना." "वहिनी, तिथे रंगाऱ्यांची भरती आहे का?" ती बिचारी मान हलवायची, "सांगते हं." आणि भिंतीपलीकडे तो माणूस श्वाससुद्धा हळू घेत पडलेला असायचा. खिडकीचा पडदा कायमचा ओढला गेला. ती शिवणाच्या दुकानात काज-बटणे करायला जाऊ लागली, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप लावून जायची, म्हणजे घरात कुणी नाही असे वाटावे.

सगळ्यात वाईट मला त्यांच्या मुलीचे वाटे. ती तुमच्याएवढीच होती. "बाबा म्हणून हाक मारायची नाही, जिन्यात ऐकू जातं," असे तिला बजावून ठेवले होते. ती घरात कुजबुजत बोलायची आणि शाळेत विचारले की सांगायची, "बाबा परगावी आहेत." एकदा तिने त्याच्या कानाशी जाऊन हळूच विचारले, "बाबा, तुम्ही परगावाहून कधी येणार?" त्याने तिच्याकडे बघितले आणि तोंड भिंतीकडे वळवले.

खालचाही आला होता. तो इतरांसारखा कामाचे विचारायला आला नव्हता. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तिकडे त्याच्यासाठी खाली कोण उभं राहतं?"

बायको गडबडली. "असेल कुणीतरी."

"नाही," खालचा म्हणाला. "दुसऱ्याच्या हातावर तो भार उचलणार नाही." आणि तो निघून गेला. पण त्या दिवसापासून दुपारचा तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागला. बेकार माणूस, कुठेही बसला तरी कोण विचारतो? पडद्याच्या फटीतून मला तो रोज दिसायचा.

एके दुपारी घरात वरचा आणि मी दोघेच होतो. बाहेर कुलूप होते. तो खाटेवरून उठला, किती तरी दिवसांनी आपणहून उठला. त्याने पडद्याच्या फटीतून खाली पाहिले. तिथे खालचा बसला होता. वरचा कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने मला उचलले. दोन्ही हातांनी उचलले, कारण एका हाताने ते होत नव्हते. आणि त्याने मला खिडकीच्या काचेला लावून ठेवले.

रस्त्यावरून माणसे चालली होती. त्यांना काय दिसले असेल? कुणाच्या तरी खिडकीत एक पोचा आलेला थर्मास. पण पायरीवरच्या माणसाने वर पाहिले आणि तो ताडकन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. तो काय म्हणाला ते मला काचेतून ऐकू आले नाही, पण मला ते पाठ आहे. मग त्याने दोन्ही हात पोटापाशी गुंफून धरले. सगळे आहे तसे राहू दे, घाई नाही. सायकलवाले घंटी वाजवून गेले, कुणी त्याला धक्का देऊन गेले. तो भर रस्त्यात हात गुंफून वर बघत उभा राहिला. आणि माझ्यामागे, पडद्याआड, वरचा हुंदके देऊन रडू लागला.

थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली. दाराला कुलूप होते, म्हणून खालचा दाराबाहेरच जमिनीवर बसला. वरचा आतून दाराला टेकून बसला. आयुष्यभर हातांनी बोललेली ती माणसे, आता हात दिसत नाहीत म्हटल्यावर शब्दांनी बोलू लागली.

"हुक रिकामा आहे रे," वरचा म्हणाला. त्याचा आवाज गंजलेला होता. "कसलाच भार नाही. तरी हेलकावे थांबत नाहीत."

"रिकामा हुकच जास्त हेलकावे खातो. तूच सांगायचास ना?" खालचा म्हणाला. "मी गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जातो हे ठाऊक आहे ना तुला?"

"हं."

"गुडघे ठणठणीत आहेत माझे. मनाच्या डॉक्टरकडे जातो मी. गोदी बंद झाल्यापासून झोप उडाली होती, छातीत धडधडायचं, वाटायचं आता मरतो की काय. औषध चालू आहे. घरी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय."

मग आतून आवाज आला, "बरं वाटतं?"

"हळूहळू. भार खाली घेताना घेतो ना आपण, तसं."

बायको कामावरून परतली, तेव्हा तिच्या कुलूपबंद दाराशी खालचा बसलेला होता. "ते परगावी..." एवढेच तिच्या तोंडून निघाले.

"वहिनी, खिडकीत थर्मास लागलाय," खालचा म्हणाला.

ती तिथेच जिन्यात मटकन बसली आणि रडत म्हणाली, "बाहेर कळलं तर त्यांना परत क्रेनवर कोण चढवेल हो?"

"क्रेन आहे कुठे, वहिनी? गोदीला कुलूप आहे. जी क्रेनच नाही, तिच्यासाठी आपण माणूस कोंडून ठेवलाय."

तिने किल्ली काढली. ती तिने खालच्याच्या हातात दिली आणि कुलूप त्यानेच उघडले.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी घरचा जिना उतरणे हे काय दिव्य होते, ते कसे सांगू? ढगांशेजारच्या त्या शिड्या शीळ घालत उतरणारा माणूस चार-दोन पायऱ्या उतरून थांबायचा. खालचा त्याच्या पुढे, बायको मागे, आणि मी तिच्या खांद्याला. कुणी घाई केली नाही.

दवाखाना मोठा होता. एका लांब बोळात हाडांच्या डॉक्टरांचे दार होते आणि त्याच्या शेजारीच मनाच्या डॉक्टरांचे. आणि मित्रांनो, तिथे मी जे पाहिले त्याने मला हसावे की रडावे कळेना. हाडांच्या डॉक्टरांसमोरची बाके खचाखच भरली होती. त्यावर आमची गोदी बसली होती! रंगारी, लोहार, दोर ओढणारे दांडगे गडी, सगळे आपापला गुडघा नाहीतर कंबर धरून. मनाच्या डॉक्टरांसमोरचे बाक मात्र रिकामे. आतून बोलावणे आले, की यांच्यातला एखादा इकडेतिकडे बघत उठायचा, लंगडल्यासारखे करायचा आणि गडप व्हायचा शेजारच्या दारात. प्रत्येकाला वाटत होते, की आपण एकटेच.

बायको नकळत त्याच गर्दीकडे वळली. सवयीने खालचाही वळला. वरचा मात्र बोळाच्या मध्ये थांबला. त्याने त्या सगळ्यांकडे पाहिले आणि त्या सगळ्यांनी त्याच्याकडे. परगावी कामाला गेलेला माणूस त्यांच्यासमोर उभा होता, दाढी वाढलेली, सदरा लोंबणारा. मग वरचा एकेक पाऊल टाकत पुढे गेला आणि त्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी परगावी नव्हतो. घरीच होतो. माझं मन आजारी आहे."

मी भलीमोठी जहाजे पाण्यात उतरताना पाहिली आहेत. पण त्या एका बाकावर बसण्याएवढे मोठे काही मी आजवर पाहिलेले नाही.

बायको जाऊन त्याच्या शेजारी बसली. खालचा गेला. मग रंगारी उठला, न लंगडता चालत आला आणि म्हणाला, "सरका जरा." मग लोहार आला. मग आणखी एक. बाक पुरेना, तेव्हा माणसे भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्यातला चहा एकाच झाकणातून सगळ्यांमध्ये फिरला, आणि हाडांचे डॉक्टर दार उघडून आपले रोगी अचानक कुठे बरे झाले ते बघत राहिले.

पुढचे सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. गोदी उघडली ती नाहीच. औषधाने गुण यायला वेळ लागला. मधेच पुन्हा वाईट दिवस आले. एका मालकाने आजाराचे नाव ऐकून "कळवू" म्हटले आणि कधी कळवले नाही. वरचा आता लाकडाच्या वखारीत काम करतो, जमिनीवर. तिथल्या मालकाला त्याने पहिल्याच दिवशी सगळे सांगून टाकले. शेजारपाजारचे काही लोक अजूनही त्याच्या बायकोशी जरा जपून बोलतात. ती आता खाली मान घालत नाही.

माझे वय झाले आहे. आता मी बहुतेक वेळ खिडकीतच असतो. परवा वखारीला सुट्टी होती. दुपारी मुलगी शाळेतून आली. तिला सायकलचे कुलूप उघडायचे होते आणि किल्ली घरात राहिली होती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, मान वर केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबाऽऽ! ओ बाबाऽऽ! किल्ली टाका!" समोरच्या घरातल्या बाईंनी डोके बाहेर काढून बघितले. मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने.

मित्रांनो, या जुन्या थर्मासचे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कुणाचे मन आजारी असेल, तर त्याला भिंतीआड लपवू नका. त्याला औषध मिळू द्या, वेळ मिळू द्या. आणि हाक मारताना कुजबुजू नका, मोठ्याने मारा.